पक्षातल्याच अध्यक्षाला आव्हान : युजीन मॅकार्थी आणि १९६८ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की १९६८ ची आठवण निघते आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या युजीन मॅकार्थी या सिनेटरनं व्हिएतनाम युद्धावरून आपल्याच पक्षाचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन याला आव्हान दिलं होतं. म्हणून उत्तरं एका जागी केली आहेत. ज्यांना त्या वर्षाची तोंडओळख आहे त्यांनी पहिले तीन प्रश्न सोडून थेट चौथ्यापासून वाचलं तरी चालेल.

१. अध्यक्ष पुन्हा उभा राहणार असताना त्याच्याच पक्षातला माणूस त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो? पक्ष काढून टाकत नाही?

राहू शकतो, आणि पक्ष काही करू शकत नाही. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला यावर सगळं ठरतं. नाही मिळाला तर बंडखोरी करायची आणि अपक्ष लढायचं. अमेरिकेत एबी फॉर्म देणारं कुणी नाही. बहुतेक राज्यांत पक्षाचे मतदार प्रायमरीत मत देतात, त्यातून प्रतिनिधी निवडले जातात आणि ते प्रतिनिधी उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. मतपत्रिकेवर नाव कसं चढवायचं हे बहुतेक ठिकाणी राज्याचा कायदा सांगतो. न्यू हॅम्पशायरमध्ये एक अर्ज आणि हजार डॉलर भरले की झालं. डोक्यावर गमबूट घालून फिरणारा एक गृहस्थ तिथे वर्षानुवर्षं उभा राहतो.

तेव्हा उभं राहणं सोपं आहे. लोकांनी गंभीरपणे घेणं ही वेगळी गोष्ट.

२. हा मॅकार्थी म्हणजे कम्युनिस्टांच्या मागे हात धुवून लागलेला तोच का?

नाही. तो जोसेफ मॅकार्थी. विस्कॉन्सिनचा, रिपब्लिकन, १९५७ मध्येच वारला. आपला हा युजीन मॅकार्थी, मिनेसोटाचा, डेमोक्रॅट. दोघेही सिनेटर, दोघेही कॅथलिक, राज्यं शेजारशेजारची, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

३. १९६८ पूर्वी युजीन मॅकार्थीला कोण ओळखत होतं? आणि लढायला तोच का सापडला?

वॉशिंग्टनमध्ये ओळखत होते, बाहेर फारसं कुणी नाही. जन्म १९१६ चा, पेशा मास्तरकीचा, कविता करणारा. दहा वर्षं प्रतिनिधिगृहात काढून १९५९ मध्ये सिनेटवर गेला. १९६० च्या अधिवेशनात अॅडलाय स्टीव्हन्सनचं नाव सुचवताना त्यानं केलेलं भाषण जाणकारांच्या लक्षात होतं. स्टीव्हन्सन हरला, केनेडी जिंकला, भाषण मात्र राहिलं.

लढाईची कल्पना त्याची नव्हती. अॅलर्ड लोवेनस्टाइन नावाचा कार्यकर्ता १९६७ भर ‘जॉन्सन हटाव’ची मोहीम चालवत होता आणि त्याला उमेदवार हवा होता. पहिला मान सिनेटर रॉबर्ट केनेडीचा, म्हणजे अध्यक्ष जॉन केनेडीच्या भावाचा, होता. तो नको म्हणाला. मग सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. त्याची सिनेटची जागा १९६८ मध्येच पणाला लागलेली, त्यानं मॅकार्थीचं नाव पुढे केलं. मॅकार्थी तयार झाला आणि ३० नोव्हेंबर १९६७ ला घोषणा केली.

समोर कोण होता हेही पाहा. लिंडन जॉन्सन १९६४ मध्ये ६१ टक्के मतं घेऊन निवडून आला होता. विद्यमान अध्यक्षाला त्याच्याच पक्षात हरवता येत नाही, हे त्या काळी वॉशिंग्टनमध्ये जवळपास गृहीतच होतं.

४. सगळी चर्चा न्यू हॅम्पशायरभोवतीच का फिरते? राज्य तर एवढंसं आहे.

कारण ते पहिलं असतं. १९२० पासून देशातली पहिली प्रायमरी तिथेच होत आली आणि पुढे तसा कायदाच राज्यानं केला. राज्य लहान, त्यामुळे पैसा कमी असलेल्या उमेदवारालाही गावोगाव फिरता येतं. शिवाय कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदाराला तिथे कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि असे मतदार भरपूर असतात.

यात एक जुना दाखलाही होता. १९५२ मध्ये टेनेसीचा सिनेटर एस्टेस किफॉव्हर यानं इथेच अध्यक्ष ट्रुमनला हरवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ट्रुमननं पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं. मात्र उमेदवारी किफॉव्हरला मिळाली नाही, ती स्टीव्हन्सनला गेली. पायवाट पाडणारा एक आणि तिच्यावरून जाणारा दुसरा, हे या लढतींत वारंवार दिसतं.

गंमत म्हणजे घोषणेच्या दिवशी मॅकार्थीच्या यादीत न्यू हॅम्पशायर पक्कं नव्हतं. ते जानेवारीत ठरलं.

५. पण तिथे जॉन्सनच जिंकला ना? मग मॅकार्थीचा ‘विजय’ कसला?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, आणि प्रश्न रास्त आहे. १२ मार्च १९६८ चा निकाल : जॉन्सन सुमारे ४९ टक्के, मॅकार्थी सुमारे ४२ टक्के. साध्या गणितात जॉन्सन जिंकला.

आता बाकीचं पाहू. एक म्हणजे जॉन्सनचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. त्यानं उमेदवारी जाहीर केली नव्हती, त्यामुळे त्याच्या समर्थकांना मतपत्रिकेवर त्याचं नाव हातानं लिहावं लागत होतं. त्या हिशेबानं ४९ टक्के ही कामगिरी वाईट नाही. जॉन्सनची बाजू घेणारे हा मुद्दा आजही मांडतात आणि तो खोडून काढणं अवघड आहे.

पण अध्यक्षामागे राज्याचा गव्हर्नर होता, सिनेटर होता, पक्षाची सगळी यंत्रणा होती. या मंडळींनी मतदारांकडून जॉन्सनच्या पाठिंब्याची कार्डं भरून घेतली. कार्डांवर क्रमांक छापलेले आणि एक तुकडा थेट व्हाइट हाउसला जाणारा. न्यू हॅम्पशायरचा माणूस आधीच ताठ. आपलं मत कुणीतरी नोंदवून वर पाठवतंय हे त्याला रुचलं नाही आणि मॅकार्थीच्या लोकांनी त्यावर बोट ठेवलं. नुसत्या प्रचारानं मिळाली नसती एवढी मतं या कार्डांनी मॅकार्थीला मिळवून दिली असावीत, असं मला वाटतं.

दुसरं, प्रतिनिधींचं गणित. जॉन्सनच्या बाजूनं गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोक प्रतिनिधिपदासाठी उभे राहिले आणि त्यांची मतं फुटली. मॅकार्थीच्या बाजूनं मोजकीच नावं होती. परिणाम असा की मतांत मागे असलेल्या मॅकार्थीला २४ पैकी २० प्रतिनिधी मिळाले. रिपब्लिकन प्रायमरीतही काही मतदारांनी त्याचं नाव लिहिलं होतं. ती मतं धरली तर दोघांतलं अंतर काहीशे मतांवर येतं.

तिसरं आणि निर्णायक, अपेक्षा. मॅकार्थी किरकोळ मतं घेऊन घरी जाईल असं पत्रकार हिवाळाभर लिहीत होते. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्यानं ४२ टक्के घेतले की मथळा त्याचाच होतो. त्याला ६० टक्के मिळतील असं आधी बोललं गेलं असतं तर हेच ४२ टक्के पराभव म्हणून छापून आले असते.

६. ‘क्लीन फॉर जीन’ म्हणजे काय? पोरांनी खरंच दाढ्या काढल्या?

काढल्या. जीन हे युजीनचं घरगुती रूप. युद्धाला विरोध करणारे हजारो कॉलेजविद्यार्थी देशभरातून न्यू हॅम्पशायरच्या बर्फात दारोदार फिरायला आले. लांब केस आणि दाढीचा पोरगा दारात पाहून तिथला मध्यमवयीन मतदार बिथरेल, म्हणून पोरांनी केस कापले, मुलींनी साधे स्कर्ट घातले. ज्यांना दाढी प्यारी होती त्यांना आतल्या खोल्यांत पाकिटं भरायला बसवलं.

उमेदवाराचा उत्साह मात्र कार्यकर्त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता. भल्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर उभं राहून हात मिळवणं त्याला जिवावर यायचं. टाळ्यांची जागा आली की तो आवाज खाली आणायचा. प्रचाराच्या दौऱ्यात एका नामवंत कवीबरोबर गप्पा मारण्यात त्याला जास्त रस. काहींना हेच आवडलं: मतं मागायला आलेला, पण मागण्याची घाई नसलेला माणूस. मला स्वतःला तो वाचताना कधी मोठा वाटतो, कधी त्याचा चक्क राग येतो. एवढी पोरं राबत असताना माणसानं निदान वेळेवर उठावं.

७. म्हणजे न्यू हॅम्पशायरमधली ती ४२ टक्के मतं युद्धविरोधी होती?

इथे बहुतेक जण फसतात. ३० जानेवारीच्या रात्री टेटचं आक्रमण (टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण, त्या वेळी कम्युनिस्ट फौजांनी केलेले हल्ले) सुरू झालं, सायगावमधल्या अमेरिकी दूतावासाच्या आवारात हल्लेखोर घुसले, आणि युद्ध जिंकत आल्याच्या सरकारी दाव्यांवरचा विश्वास उडाला. त्यामुळे मॅकार्थीचं मत म्हणजे शांततेचं मत, असं वाचणं सोपं होतं.

मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर मतदारांना विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. जॉन्सनच्या युद्धनीतीवर नाराज असलेल्या मॅकार्थी-मतदारांत ‘युद्ध आणखी जोरात करा’ म्हणणारे ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होते, जवळपास तिनास दोन या प्रमाणात. लोक जॉन्सनवर चिडलेले होते, कारणं उलटसुलट होती. निषेधाचं मत देताना माणूस समोरच्या उमेदवाराची भूमिका तपासतोच असं नाही. मतपेटी फक्त आकडा सांगते, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं लावतात.

८. जॉन्सननं मॅकार्थीमुळेच माघार घेतली का?

एकट्या मॅकार्थीमुळे नाही. ३१ मार्चला जॉन्सन दूरदर्शनवर आला, उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरचे बॉम्बहल्ले थांबवत असल्याचं सांगितलं आणि भाषणाच्या शेवटी पक्षाची उमेदवारी आपण मागणारही नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही असं जाहीर केलं.

त्या तीन आठवड्यांत बरंच साठलं होतं. सेनाधिकारी आणखी २,०६,००० सैनिक मागत आहेत ही बातमी १० मार्चला फुटली. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी मैदानात उतरला. परराष्ट्र धोरणातल्या ज्या जुन्याजाणत्यांचा सल्ला जॉन्सन मानत असे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी युद्धातून अंग काढून घ्या असं सांगितलं. शिवाय जॉन्सनला १९५५ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलेला. २ एप्रिलला विस्कॉन्सिनची प्रायमरी होती, तिथे जॉन्सनचं नाव मतपत्रिकेवर होतं आणि हार दिसत होती. माघारीनंतर झालेल्या त्या मतदानात मॅकार्थीला ५६ टक्के मिळाले.

माझं मत विचाराल तर मॅकार्थीशिवाय केनेडी मार्चमध्ये उतरला नसता, आणि केनेडी नसता तर जॉन्सन बहुधा लढला असता. जॉन्सनला मॅकार्थीची भीती नव्हती. केनेडीची होती.

९. मग केनेडी संधिसाधू होता, असंच ना?

मॅकार्थीची पोरं तसंच म्हणत होती आणि न्यू हॅम्पशायरनंतर चौथ्या दिवशी घोषणा केल्यावर दुसरं काय म्हणणार! केनेडीची बाजू अशी की तो आधी उतरला असता तर सगळी लढत जॉन्सनशी असलेल्या वैयक्तिक वैराची ठरली असती. त्यात तथ्य आहे. पण इंडियाना आणि नेब्रास्कात त्यानं मॅकार्थीला हरवल्यावर कटुता वाढतच गेली. २८ मे रोजी ओरेगॉनमध्ये मॅकार्थी जिंकला. केनेडी भावांपैकी कुणाचा निवडणुकीत झालेला तो पहिला पराभव. ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी ४६ विरुद्ध ४२ असा जिंकला, त्याच रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जूनला तो गेला. त्यानंतर मॅकार्थीनं मनानं लढणं सोडलं असं त्याच्या जवळचे सांगतात.

१०. हम्फ्रीनं एकही प्रायमरी लढवली नाही, तरी उमेदवार तोच. हे कसं?

कारण तेव्हा प्रायमरी फक्त पंधराच्या आसपास राज्यांत होत. बाकी राज्यांतले प्रतिनिधी पक्षाचे पुढारी, गव्हर्नर, महापौर आणि कामगार संघटनांचे नेते ठरवत. उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एप्रिलअखेरीस उतरला तेव्हा बहुतेक प्रायमरींचे अर्ज भरण्याची मुदत संपली होती, आणि त्याला त्यांची गरजही नव्हती. सगळ्या प्रायमरींची बेरीज केली तर सर्वाधिक मतं मॅकार्थीची भरतात. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात हम्फ्रीला साडेसतराशेहून जास्त प्रतिनिधींची मतं मिळाली, मॅकार्थीला ६०१. बाहेर रस्त्यावर महापौर डेलीचे पोलीस निदर्शकांना बडवत होते आणि ते देशभर दिसत होतं.

त्या अधिवेशनाची लाज वाटून पक्षानं प्रतिनिधी निवडीचे नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. प्रतिनिधी उघडपणे, मतदारांच्या सहभागानं निवडले गेलेच पाहिजेत असं ठरलं आणि राज्यांनी भराभर प्रायमरी सुरू केल्या. आयोगाचा पहिला अध्यक्ष कोण? तोच मॅकगव्हर्न, ज्यानं स्वतः नको म्हणून मॅकार्थीचं नाव सुचवलं होतं. नव्या नियमांवर १९७२ ची उमेदवारी त्यानंच जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये ४९ राज्यं हरला.

११. आजचे नियम असते तर मॅकार्थी उमेदवार झाला असता?

सांगणं कठीण, पण १९८४ चं उदाहरण घ्या. कोलोरॅडोचा सिनेटर गॅरी हार्ट आयोवात (तिथे प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभांत कौल घेतला जाई, तोही न्यू हॅम्पशायरच्या आधी) जेमतेम १६ टक्के घेऊन दुसरा आला. आघाडीवरच्या वॉल्टर मॉन्डेलला ४९ होते. आठ दिवसांत न्यू हॅम्पशायर हार्टनं जिंकलं. इथपर्यंत प्रश्न ५ मधलं अपेक्षांचं गणित जसंच्या तसं. पण हार्टची माणसं काही राज्यांत प्रतिनिधींची पुरती यादीसुद्धा भरू शकली नव्हती: मतं मिळाली, घ्यायला माणूस नाही. त्यात त्या वर्षी पक्षाच्या पुढाऱ्यांना ‘सुपरडेलिगेट’ म्हणून अधिवेशनात पहिल्यांदाच थेट मताधिकार होता आणि ते बहुतेक मॉन्डेलकडे गेले. २०१८ च्या बदलानंतर पहिल्या फेरीत चुरस असेल तर त्यांना मत नाही. आता खरी अडचण १५ टक्क्यांची: डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्याखाली राहिलात तर प्रतिनिधी शून्य.

१२. २०२४ मध्ये डीन फिलिप्सनं बायडनला आव्हान दिलं, तेही मॅकार्थीसारखंच म्हणायचं का?

वरवर साम्य इतकं आहे की दचकायला होतं. फिलिप्सही मिनेसोटाचा. न्यू हॅम्पशायरमध्ये तेव्हाही अध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, समर्थकांना ते लिहावं लागलं. तेव्हाही अध्यक्षानं अखेर माघार घेतली.

पण फिलिप्सला तिथे २० टक्क्यांच्या आसपासच मतं मिळाली आणि मार्चमध्ये त्यानं गाशा गुंडाळला. जॉन्सननं प्रायमरी सुरू असताना माघार घेतली, बायडननं प्रायमरी संपून गेल्यावर, २१ जुलैला, आणि तीही ट्रम्पबरोबरच्या वादविवादात अडखळल्यानंतर. फिलिप्सकडे मुद्दा होता, अध्यक्षाचं वय. तो खराही ठरला. पण त्या मुद्द्यासाठी बर्फात दारोदार फिरणारी पोरं त्याच्याकडे नव्हती, आणि वाट बघत बसलेला केनेडीही नव्हता.

१३. पक्षातल्या अशा भांडणामुळेच पक्ष नोव्हेंबरमध्ये हरतो, हे खरं का?

यादी तशी दिसते. १९६८ नंतर १९७६ मध्ये फोर्डला रेगननं आव्हान दिलं, फोर्ड हरला. १९८० मध्ये कार्टरला एडवर्ड केनेडीनं, कार्टर हरला. १९९२ मध्ये थोरल्या बुशना पॅट ब्युकॅननं, बुश हरले. पण आजारी माणसाकडे डॉक्टर येतो म्हणून डॉक्टरमुळे आजार झाला असं म्हणता येत नाही. अध्यक्ष आधीच कमजोर असतो, म्हणून आव्हान उभं राहतं. १९७२ मध्ये पीट मॅक्लॉस्की या रिपब्लिकनानं न्यू हॅम्पशायरमध्ये निक्सनविरुद्ध २० टक्क्यांच्या आसपास मतं घेतली. निक्सननं पुढे ४९ राज्यं घेतली.

अपवाद करायचा तर १९६८ चाच करावा लागेल. निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७. मॅकार्थीनं हम्फ्रीला पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठवडाभर आधी, तोही नाक मुरडत. महिनाभर आधी दिला असता तर? हम्फ्रीच्या माणसांनी त्याला हे कधी माफ केलं नाही, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

१४. एवढ्या कमी वेळात पैसा कुठून आला? सगळा पोरांच्या खिशातून?

नाही, आणि हे अनेकांना टोचतं. पोरांनी घाम दिला. पैसा मोठ्या प्रमाणावर युद्धाविरुद्ध असलेल्या मूठभर श्रीमंतांनी दिला. एकेकट्या देणगीदारानं लाखांत डॉलर दिले. तेव्हा देणगीवर खऱ्या अर्थानं मर्यादा नव्हती. १९७४ मध्ये ती आली तेव्हा मॅकार्थी तिच्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांपैकी एक होता, सोबत न्यूयॉर्कचा कट्टर उजवा सिनेटर जेम्स बकली. मॅकार्थीचं म्हणणं असं की प्रस्थापिताला हजार हजार डॉलर देणारे हजारो असतात, अनोळखी माणसाला सुरुवातीला दोन-चारच देवमाणसं भेटतात. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देणगीची मर्यादा कायम ठेवली, खर्चाची रद्द केली. आज इंटरनेटवरच्या छोट्या देणग्यांमुळे हा युक्तिवाद थोडा बोथट झाला आहे. २०१६ मध्ये बर्नी सँडर्सनं त्याच बळावर हिलरी क्लिंटनला शेवटपर्यंत झुंजवलं.

१५. आपल्याकडे असं कधी झालंय का?

पंतप्रधानपदासाठी प्रायमरी नसते, त्यामुळे हुबेहूब तुलना नाही. जवळचं म्हणजे काँग्रेसच्या पक्षाध्यक्षपदाची निवडणूक. १९९७ मध्ये सीताराम केसरींविरुद्ध शरद पवार आणि राजेश पायलट उभे होते. केसरींना ६,२२४ मतं, पवारांना ८८२. २०२२ मध्ये खरगेंना ७,८९७, शशी थरूरांना १,०७२. पवार काही अनोळखी नव्हते. पण मतदार पक्षाचे निवडलेले प्रतिनिधीच असले की काय होतं ते यात दिसतं. प्रश्न १० मधला हम्फ्री आठवा.

१६. प्रायमरीत उतरलेलं कुणी मराठी?

अध्यक्षपदासाठी नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे लाखो डॉलर ओतले आणि आघाडीवरच्या ग्रेचेन व्हिटमरविरुद्ध तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या जागेसाठी बरेच उमेदवार होते, मतं फुटली आणि ते तिशीच्या आतल्या टक्क्यांवर प्रायमरी जिंकून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेले.

१७. मी एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. प्रायमरीतल्या माझ्या आवडत्या उमेदवाराला पैसे देऊ शकतो का? मुलगी इथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक आहे. तिच्या नावानं दिले तर?

दोन्ही नाही. मतदानाचा हक्क नागरिकांनाच आहे. देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचे देऊ शकत नाहीत. मित्राला पैसे देऊन त्याच्या नावानं भरणं हा गुन्हा आहे. अल्पवयीन मुलं देणगी देऊ शकतात, पण निर्णय त्यांचा स्वतःचा हवा आणि पैसाही त्यांचाच. त्यासाठी बाबांनी हातात ठेवलेला चालत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम मात्र करता येतं : फोन करा, दारोदार फिरा, पाकिटं भरा. फक्त प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवण्यात भाग घेऊ नका.